उष्टं बफर

छायाने माझा कप उचलला, एक घोट घेतला, तोंडात घोळवला आणि म्हणाली, "साखर कमी आहे गं तुझ्या चहात."

कप तिने परत माझ्यापुढे सरकवला. मी तो तसाच राहू दिला. हे रोजचं होतं. स्वतःचा चहा संपला की माझ्या कपाला तोंड लावायचं आणि वर चवीबद्दल मत द्यायचं. आमच्या घरी आई आमटीची चवसुद्धा तळहातावर थेंब घेऊन बघायची, डावाला ओठ लागू द्यायची नाही. मी उपास सोडले, देव सोडले, जिवाणूंवर पीएच.डी. करायला घेतली, पण उष्टं मला कधी चाललं नाही. छायाला हे ठाऊक नव्हतं असं नाही. मी सोडून दिलेला कप ती बऱ्याचदा आनंदाने संपवायची.

"बरं, ऐक की," ती म्हणाली. "ते पिवळं झालं."

"काय पिवळं झालं?"

"तुझं एन्झाइम. कालच्या नळ्या. बाईंना दाखवून आले आत्ता."

ज्या बातमीची मी तीन वर्षं वाट बघत होते ती आली होती, आणि ती तिच्या तोंडून आली होती. मला आनंद झाला नाही. मला ती त्या क्षणी डोळ्यांसमोर नको झाली.

ही पन्नासएक वर्षांपूर्वीची गोष्ट. पुण्याबाहेर एका टेकडीच्या उतारावर आमची संस्था होती आणि तिच्या तळमजल्यावर डॉ. सरोजिनी तळपदे यांची, म्हणजे आमच्या बाईंची, प्रयोगशाळा. लहान मुलांच्या घशात ठाण मांडून त्यांना खोकून खोकून बेजार करणारा एक जिवाणू आम्ही तिथे वाढवत असू. त्या जिवाणूच्या पोटातून एक एन्झाइम वेगळं काढायचं हे माझं काम. घशातल्या पेशींमध्ये शिरून धुमाकूळ घालतं ते हेच, असा बाईंचा कयास होता. मी ते गाळत होते, धूत होते, पुन्हा गाळत होते. माझ्याइतकं निर्मळ एन्झाइम संस्थेत दुसरं कुणी काढत नसे, हे मी नाही, बाईच म्हणायच्या. अडचण एवढीच होती की ते काहीच करत नव्हतं. एन्झाइम कामाचं असेल तर नळीतलं पाणी पिवळं होतं. माझं पाणी पाण्यासारखंच राहायचं.

शेवटी बाईंनी माझ्याच एन्झाइमची एक कुपी छायाला दिली होती. "तू एकदा बघ गं," म्हणाल्या. छाया शेडगे आमच्याकडे येऊन जेमतेम वर्ष झालेलं. विट्याची मुलगी, मोठ्याने हसणारी, बेंचवर पसारा, केसात पेन्सिल, तोंडात सदा बडीशेप. बाई तिला छाया म्हणत. मी तीन वर्षं तिथे होते आणि मला त्या आपटे म्हणत. मृणाल हे माझं नाव त्यांना माहीत तरी असेल की नाही, अशी मला शंका येई.

त्यातच जर्मनीची जागा आलेली. तिथल्या एका नामांकित प्रयोगशाळेने बाईंना कळवलं होतं की तुमच्याकडचं कुणी तरी एक जण दोन वर्षांसाठी पाठवा. एकच. दिवाळीच्या आत नाव हवं होतं. ती जागा माझी आहे असं मी धरून चालले होते. आता पिवळं झालं होतं, आणि ज्याच्या हातून पिवळं झालं त्याचीच ती जागा होणार हे कळायला पीएच.डी.ची गरज नव्हती.

बाईंनी दोघींना खोलीत बोलावलं. समोर नळ्यांचा स्टँड. त्यातलं पिवळं मी पहिल्यांदा बघितलं. हळद घातलेल्या वरणासारखा छान, दाट रंग. मी नजर वळवली.

"एका हाताने आला तो नुसता आकडा," बाई म्हणाल्या. "दुसऱ्या हाताने आला की निकाल. आपल्याकडे दुसऱ्या हाताशिवाय काही बाहेर जात नाही, माहीत आहे ना? आपटे, दुसरा हात तू."

"मीच का, बाई?"

बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "कारण हे पिवळं व्हावं असं तुला अजिबात वाटत नाहीये. असाच हात मला हवा."

छाया फिसकन हसली. माझे मात्र कान तापले.

दुसरा हात मी मन लावून चालवला. तेच एन्झाइम, तेच मीठपाणी, तेवढाच वेळ. नळ्या पाण्यासारख्या. पुन्हा केलं. पाण्यासारख्या. तिसऱ्यांदा करताना मी शिटी वाजवत होते, असं मोघे पुढे सांगत असे. मोघे हा आमच्यातला सगळ्यात जुना विद्यार्थी. त्याचा प्रबंध कधी संपणार हे संस्थेतलं एक कोडं होतं, त्यामुळे इतरांचं बघायला त्याच्याकडे भरपूर सवड असे.

"अभिनंदन, आपटे," तो माझ्या नळ्यांकडे वाकून म्हणाला. "काहीच आलं नाही. पेढे कधी?"

"मी काय करू? जे आहे ते आहे."

"ते खरं. पण न आल्याचा एवढा आनंद मी आजवर बघितला नव्हता."

दोन दिवसांत ही गोष्ट जिना चढून वरच्या मजल्यांवर गेली. छायाच्या हाताला पिवळं येतं आणि दुसऱ्या कुणाच्या हाताला येत नाही, याचा अर्थ लोकांनी आपापल्या परीने लावला. तोंडावर कुणी बोलत नसे, पण ती आली की बोलणं थांबे. मी काही पसरवलं नाही. मला पसरवायची गरजच पडली नाही.

छाया माझ्या बेंचशी आली. त्या दिवशी तिच्या केसात पेन्सिल नव्हती.

"मृणाल, परत एकदा बघ की. माझ्या हातनं येतंय ते खरंच येतंय."

"मी तीनदा बघितलं."

"मग मी कुठनं आणते पिवळं? हळद टाकते का त्यात?"

"ते मला कसं माहीत असणार?"

ती बघत राहिली. "तुला बी तसंच वाटतंय होय?" एवढंच म्हणाली आणि गेली. मला वाईट वाटलं का? थोडं वाटलं. पण भुकेल्या माणसाला शेजाऱ्याचं पोट दुखत असल्याचं जेवढं वाईट वाटेल तेवढंच.

शेवटी बाईंनीच मार्ग काढला. सोमवारी सकाळी छायाने सगळ्यांसमोर प्रयोग करायचा. एन्झाइम माझं, भांडी मी धुतलेली, आणि मी तिच्या खांद्याशी उभं राहून प्रत्येक हालचाल बघायची.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. नळीत काही मोजून घालायचं तर आम्ही काचेचं पिपेट वापरत असू. त्याच्या वरच्या टोकाला रबरी फुगा लावून द्रव वर ओढायचं ही खरी पद्धत. पण संस्थेचे फुगे केव्हाच चिरले होते, नवे मागवलेले येत नव्हते, आणि सगळे जण पिपेट तोंडात धरून, शहाळ्याचं पाणी प्यावं तसं द्रव ओढत. जिवाणू किंवा एन्झाइम घ्यायचं असलं की तेवढ्यापुरता माझा फुगा मागून नेत. माझ्याकडे एक होता, लालचुटुक, मामाने लंडनहून आणलेला. बाकी बफर, म्हणजे एन्झाइम ज्यात घोळायचं ते खारं पाणी, तोंडानेच. छायाने एकदा बफरसाठीही फुगा मागितला होता. मी म्हटलं होतं, "बफर तर आहे, मीठपाणी. ओढ की तोंडाने." माझी वस्तू, माझी मर्जी. त्याचं मला तेव्हा काही वाटलं नाही आणि आजही वाटत नाही.

सोमवारी मी छायाच्या इतकी जवळ उभी होते की तिच्या बडीशेपेचा वास येत होता. समोर बाई, मागे मोघे. मी तिचे हात बघत होते. बाही दुमडलेली होती, खिसे नव्हते, बेंच मी स्वतः पुसलेला. हात स्वच्छ होते. तिने एन्झाइम घेतलं, घातलं. बफर घेतलं, घातलं. थोड्या वेळाने नळ्या पिवळ्या पडू लागल्या. माझ्या डोळ्यांदेखत, माझंच एन्झाइम, तिच्यासाठी.

"बघ," ती बाईंना नाही, मला म्हणाली.

बाई हळूच म्हणाल्या, "पुन्हा कर."

तिने पुन्हा बफरचं पिपेट तोंडात धरलं. या वेळी मी हात बघितले नाहीत. हातांत काही नाही हे मला कळून चुकलं होतं. मी तिच्या तोंडाकडे बघत होते, आणि खरं सांगायचं तर द्वेषाने बघत होते, की हे तोंड माझ्या कपाला लागतं, हे तोंड बाईंशी एवढ्या मोकळेपणी बोलतं. आणि छायाला पिपेट तोंडात असतानाही बोलायची सवय. दातांत काच धरून ती म्हणाली, "बघतीयस ना नीट?" त्या बोलण्याबरोबर पिपेटच्या वरच्या टोकातून एक पांढरा बुडबुडा आत उतरला, काचेच्या कडेने सावकाश घसरला आणि बफरमध्ये विरून गेला.

"बाई," मी म्हणाले, "थुंकी."

सगळे माझ्याकडे बघू लागले.

"तिच्या बफरमध्ये थुंकी जाते. मी आत्ता बघितली. माझ्या बफरमध्ये जात नाही. एवढाच फरक आहे."

छायाचं तोंड उघडं राहिलं. मोघे खाकरला. बाई छायाकडे वळल्या.

"छाया, फुगा का नाही वापरत?"

छायाची नजर माझ्या बेंचकडे गेली. तिथे माझा लाल फुगा उभा करून ठेवलेला होता, लांबूनही दिसेल असा. मग तिने मान खाली घातली. "सवय आहे, बाई. तोंडानं ओढायची."

तिने माझं नाव घेतलं असतं तर माझं उत्तर तयार होतं. तिने घेतलं नाही. याचाही मला राग आला.

"मग हे सगळं गेलं," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज थकलेला होता. "उष्ट्या बफरचा निकाल मी कुठे पाठवू शकत नाही."

दुपारी चहाला छायाने माझ्या कपाला हात लावला नाही. ती आपल्या कपात बघत बसली, मग उठून पिपेटं धुवायला गेली. कित्येक महिन्यांनी पहिल्यांदाच मी माझा चहा शेवटपर्यंत प्यायले. छान लागला. जर्मनीत थंडी फार असते, तेव्हा लोकरीचा कोट आईच्या ओळखीच्या शिंप्याकडून शिवून घ्यावा, असा विचार मी करत होते.

कप विसळत होते तेवढ्यात बाई दारात आल्या.

"आपटे, थुंकी हा तू केलेला आरोप आहे. तो सिद्ध कर. नुसत्या थुंकीने पाणी पिवळं होतं हे दाखव, म्हणजे विषय संपला. आणि शेडगेलाही कळेल काय झालं ते."

त्या तिला शेडगे म्हणाल्या होत्या. मी कामाला लागले ती जवळजवळ उड्या मारतच.

लाळेत स्वतःची एन्झाइमं असतात, हे शाळेतल्या मुलालाही माहीत असतं. भाकरीचा घास चावून चावून गोड लागतो तो त्यांच्यामुळेच. तेव्हा तिच्या लाळेतलंच काहीतरी पाणी पिवळं करत होतं आणि श्रेय माझ्या एन्झाइमच्या नावावर लागत होतं, हे उघड होतं. फक्त दाखवायचं बाकी होतं. मी एक स्वच्छ नळी घेऊन छायाकडे गेले.

"यात थुंक."

तिने पिपेटं धुता धुता वर बघितलं. "अजून काय राहिलं का?"

"बाईंनी सांगितलंय."

तिने हात पुसले, नळी घेतली, पाठ केली, आणि वळून परत दिली. "पुरे का एवढी? का अजून देऊ? आज तोंड तसं बी कडू झालंय."

मोघे म्हणाला, "बडीशेपही तपास गं. तिचा गुण असेल." मी बडीशेपही कुटून पाण्यात घातली. माझ्याकडून काही राहायला नको होतं.

मी नळ्या लावल्या. एकीत नुसतं माझं एन्झाइम. एकीत नुसती छायाची लाळ. एकीत बडीशेप. आणि एकीत, नियम म्हणून, एन्झाइम आणि लाळ दोन्ही. मग हात बांधून बसले.

एन्झाइम पाण्यासारखं राहिलं. ते अपेक्षितच होतं. बडीशेप पाण्यासारखी. लाळेची नळी मी उजेडाकडे धरली, हलवली, पुन्हा धरली. पाण्यासारखी. तिने पिवळं व्हायला हवं होतं. ती झाली नाही. आणि शेवटची नळी, जिच्याकडे मी अजून बघितलंही नव्हतं, ती स्टँडमध्ये पिवळीधमक होऊन बसली होती.

मी सगळं ओतून दिलं आणि पुन्हा केलं. तेच आलं. एन्झाइम एकटं, काही नाही. लाळ एकटी, काही नाही. दोघं एकत्र, पिवळं.

तेव्हा मला एक विचार आला आणि तो आल्याबरोबर मी उठून दार लोटून घेतलं. एक नळी घेतली आणि तिच्यात स्वतः थुंकले. माझ्या आईने बघितलं असतं तर तिने मला परत घरात घेतलं नसतं. ती लाळ मी फुग्याने मोजून एन्झाइममध्ये घातली आणि नळीवरून डोळे हलवले नाहीत.

पिवळं झालं. माझ्या हातून, माझ्या एन्झाइमने, माझ्या थुंकीने.

तीन वर्षं मी ज्याला मेलेलं समजत होते ते मेलेलं नव्हतं. ते झोपलेलं होतं, आणि आपल्या तोंडातलं, आपल्या अंगातलं काहीतरी लागलं की जागं होत होतं. छायाने काही चोरलं नव्हतं. तिचं पिवळं पहिल्या दिवसापासून खरं होतं. मला रडू आलं, ते एन्झाइम जिवंत निघालं म्हणून की ती खरी निघाली म्हणून, हे मला सांगता येणार नाही. मग मी डोळे पुसले आणि दोन्ही पिवळ्या नळ्या यंत्रात घालून रंग मोजला. एन्झाइम तेवढंच, लाळ तेवढीच. छायाचा आकडा माझ्यापेक्षा जास्त आला. पुन्हा मोजला. जास्तच आला. तिच्या थुंकीतसुद्धा माझ्यापेक्षा जास्त होतं.

मी नळ्यांचा स्टँड उचलून तशीच बाईंच्या खोलीत गेले आणि सांगितलं. त्यांनी मधे तोंड घातलं नाही. शेवटी एकच विचारलं, "लाळ उकळून बघितलीस?"

उकळली. लाळेतली एन्झाइमं उकळल्यावर मरायला हवीत. तरीही पिवळं झालं. म्हणजे तिथे चिवट असं दुसरंच काही होतं. बहुधा लाळेत गळून पडलेल्या पेशींमधलं एखादं लहानसं प्रोटीन, उकळीला दाद न देणारं. मी ते सांगितल्यावर बाई खुर्चीत मागे टेकल्या.

"किती हुशार आहे बघ हा जिवाणू," त्या म्हणाल्या. "हत्यार स्वतःच्याच पोटात उघडं ठेवलं तर याचाच जीव जाईल. म्हणून म्यानात ठेवतो. आपल्या घशात येतो, हत्यार आपल्या पेशीत सोडतो, आणि तिथे आपलंच प्रोटीन ते म्यानातून उपसून देतं. पोचलास, आता कर काय करायचं ते, असं आपणच त्याला सांगतो."

मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. "आणि तू ते इतकं धुतलंस, इतकं धुतलंस, की त्याला जागं करणारं जवळ काही उरलंच नाही. तुझ्या जागी दुसरं कुणी गबाळं असतं, तर तीन वर्षांपूर्वीच पिवळं झालं असतं."

"छाया आहे की," मी म्हणाले.

बाई हसल्या. "हो. आणि छायाच्या जागी तू नव्हतीस हेही बरं झालं, नाहीतर अजून पाणीच बघत बसलो असतो. बोलाव तिला."

छाया आली ती दारातच उभी राहिली. डोळे सुजलेले. बाईंनी तिला स्टँड दाखवला आणि मला म्हणाल्या, "सांग." मी सांगितलं. मला वाटलं, आता ती मला काहीतरी बोलेल, तिचा हक्कच होता. ती पुढे झाली, नळ्यांवर वाकली, एकेक नळी उजेडात धरून बघितली.

"ही कुणाची, कमी पिवळी?"

"माझी," मी म्हणाले.

"तू थुंकलीस?" तिचे सुजलेले डोळे एकदम हसले. "तू? नळीत?" आणि ती मटकन खाली बसून हसत सुटली. बाईही हसायला लागल्या. मी उभी होते.

दिवाळीपूर्वी नाव पाठवायचं होतं. बाईंनी आम्हां दोघींना समोर बसवलं. "दोघींचं काम आहे आणि जागा एक," त्या म्हणाल्या. "मी ठरवू शकते, पण आधी तुमचं ऐकते. छाया, पिवळं आधी तुझ्या हातून झालं. तू बोल."

मी मांडीवरच्या रुमालाची घडी घट्ट धरली. त्या क्षणी मला जर्मनी किती हवी होती ते आज शब्दांत सांगता येत नाही.

"मृणालला पाठवा," छाया म्हणाली.

"का?"

"माझ्या हातनं पिवळं झालं, पण का झालं ते मला कधीच कळलं नसतं. मी खूश होऊन बसले असते. हिनं माझ्या तोंडाकडं एवढं टक लावून बघितलं म्हणून कळलं. एवढं बघणारं माणूस तिकडं पाठवावं." ती थांबली. "आणि खरं सांगू का, बाई? मला जायचंच नव्हतं. मला हितंच काम करायचंय, तुमच्याजवळ. हे विचारलंय कुणी मला?"

"मग जागा तुझी, मृणाल," बाई म्हणाल्या.

त्यांनी माझं नाव घेतलं होतं. मी त्याची तीन वर्षं वाट बघितली होती. आणि मला सुख लागलं नाही, कारण मी त्या एका वाक्यात अडकले होते. मला जायचंच नव्हतं. म्हणजे जिच्याशी मी ही शर्यत धावत होते ती धावतच नव्हती. ती बाईंजवळ राहणार होती. जी जागा मला मिळाली होती तिला छायाने आधी तोंड लावून बघितलं होतं आणि मग माझ्यापुढे सरकवलं होतं. कपासारखीच.

या कामावर निघालेल्या शोधनिबंधावर आम्हा दोघींची नावं आहेत. ते प्रोटीन नेमकं कोणतं, हे पुढे दुसऱ्यांनी शोधलं. ते आपल्या सगळ्या पेशींमध्ये असतं, आणि स्वतःच्या घरातली कितीतरी कामं इमानाने करत असतं. पाहुण्याने त्याचा असा वापर करावा हे त्याच्या ध्यानीमनीही नसणार. बाई निवृत्त झाल्यावर त्यांची प्रयोगशाळा छायाकडे गेली. मी जर्मनीत दोनाची चार वर्षं राहिले. तिथली काच लखलखीत होती, फुगे खोकीभर होते, शेजारच्या बेंचवरचा माणूस सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा मान हलवायचा. मी तिथे चांगलं काम केलं, पण छायाच्या शेजारी जेवढं केलं तेवढं नाही. सकाळी उठून कुणाच्या पुढे जायचं हेच मला कळत नसे.

निघायच्या आदल्या दिवशी चहाला आम्ही दोघीच होतो. मोघे रजेवर होता. छायाचा कप रिकामा झाला होता आणि माझा नुकता भरलेला.

"फुगा ठेवून जा की आता," ती म्हणाली. "तिकडं पोत्यानं असतील."

"मुळीच नाही. तुला फुगा दिला असता तर पिवळं झालं असतं का?"

ती हसली. "म्हणजे सगळं श्रेय तुझ्या चिक्कूपणाला?"

"थोडं तरी."

"मग तसं छापू या की. कुमारी आपटे यांच्या फुग्याचे आभार, जो मागूनही मिळाला नाही."

मला हसू आलं. मग मी विचारलं, कारण ते विचारल्याशिवाय मला विमानात बसता आलं नसतं. "छाया, खरं सांग. मी चालले, तुला माझा थोडाही हेवा वाटत नाही?"

तिने खरोखर विचार केला. बडीशेप चावत, खिडकीबाहेर बघत.

"हेवा न्हाई वाटत," ती म्हणाली. "पण माझ्याकडं एवढं बघणारं आता कोण आहे हितं? आमच्या घरात बी कुणी एवढं बघितलं नाही माझ्याकडं."

तिने हात लांब केला, माझा कप उचलला, एक घोट घेतला आणि तोंडात घोळवला.

"आज बरोबर आहे साखर," ती म्हणाली आणि कप माझ्यापुढे सरकवला.

काठावर तिच्या ओठांची ओली खूण होती. ती माझ्याकडे बघत होती, मी नेहमीसारखा तो सोडून देईन म्हणून. तिचा हात पुन्हा कपाकडे येताना मला दिसला. तो पोचायच्या आत मी कप उचलला आणि तिला दुसरा घोट मिळू नये म्हणून तळाच्या चहापत्तीपर्यंत सगळा चहा पिऊन टाकला.